घरच्या विजेवर बॅटऱ्या थेट भरण्याविषयीं

पाठीवरचा बॅटरीचा फवारणी-पंप आतां गांवोगांव दिसूं लागला आहे. त्यांतील मूळची शिशाची बॅटरी, बहुधा १२ व्होल्टची व ८ ते १२ अँपिअर-तासांची, कांहीं हंगामांनंतर दम सोडते. मग घरांतील तरुण मंडळी जुन्या लॅपटॉपमधले लिथियमचे घट काढून त्यांची जुडी बांधतात. हें कौशल्य कौतुकास्पदच आहे. परंतु ती जुडी भरण्यासाठीं कित्येक ठिकाणीं जी युक्ति योजितात ती अशी : प्लगमधून दोन तारा आणावयाच्या, एकींत १०० वॅटचा तारेचा जुना बल्ब घालावयाचा, पुढें चार डायोड बसवून वीज एकदिश करावयाची, व ती थेट बॅटरीस जोडावयाची. अशा एका मुलास आम्हीं हटकलें, तेव्हां तो म्हणाला, "काका, मध्यें बल्ब आहे ना, मग भय कसलें?" या प्रश्नास नीट उत्तर दिलें पाहिजे, कारण बल्बामुळें बॅटरी तत्काळ फुटत नाहीं हें खरें आहे, आणि म्हणूनच लोक फसतात.

घरांतील वीज २३० व्होल्टची म्हणतात, पण तो आंकडा एका प्रकारच्या सरासरीचा आहे. ही वीज सेकंदास ५० वेळां मागेंपुढें हेलकावते, व हेलकाव्याच्या शिखरावर दाब सुमारें ३२५ व्होल्टपर्यंत चढतो. उलट, लॅपटॉपमधल्या लिथियमच्या एका घटाची मर्यादा साधारणतः ४.२ व्होल्ट; तीन घट ओळीनें जोडले म्हणजे १२.६. बल्ब प्रवाहास आवर घालतो, सुमारें ०.४ अँपिअरपर्यंत; परंतु बॅटरी भरली हें त्यास कळत नाहीं. पाटाचें पाणी कितीही बारीक धारेनें सोडलें, तरी वाफा भरल्यावर दारें धरणारा गडी नसेल तर तें बांध ओलांडून जाणारच.

जाणतीं मुलें म्हणतील कीं, जुडीवर बीएमएसची फळी बसविली आहे, ती भरतीच्या वेळीं वाट बंद करील. करील खरी. पण वाट बंद होतांच प्रवाह थांबतो, प्रवाह थांबला कीं बल्ब दाब मुळींच अडवीत नाहीं, व सगळे ३२५ व्होल्ट त्या फळीच्या खटक्यांवर येऊन पडतात. बारा व्होल्टच्या फळीचे खटके कांहीं थोड्या दशकांचे व्होल्ट सोसण्याजोगेच असतात. ते जळतात, आणि पुष्कळदां उघडे न राहतां जोडलेल्या स्थितींतच चिकटून बसतात. मग भरणें अखंड चालू राहतें, घट तापत जातो व पेट घेतो. राखणदार नेमका गरजेच्या क्षणींच मारला जातो, असा हा प्रकार आहे.

माणसाच्या जिवाची गोष्ट याहून गंभीर. गांवच्या रोहित्रावर न्यूट्रलची तार जमिनींत पुरलेली असते. म्हणून जमिनीवर उभा असलेला मनुष्य त्या मंडळाचें अर्धें टोक आधींच धरून असतो. बल्ब फेजच्या तारेंत असेल तर जोडलेल्या बॅटरीस हात लावला तरी बहुधा कांहीं होत नाहीं. पण दोन टोकांचा प्लग उलटा बसला कीं बल्ब न्यूट्रलच्या बाजूस जातो, आणि बॅटरीचीं दोन्ही टोकें फेजइतकींच जिवंत होतात. काल हात लावला तेव्हां धक्का बसला नाहीं, ही साक्ष म्हणूनच कवडीमोल आहे. शिवाय भरतांना एखादी तार निसटली, तर सरळ बसलेल्या प्लगांतही तें मोकळें टोक जिवंत असतें. बल्ब तेथें आड येत नाहीं. माणसास मारण्यास अँपिअरचा दहावा भागही पुरेसा होतो.

जन्मभर जमाबंदीचे आंकडे मांडलेल्या आमच्यासारख्यास या युक्तीचा जमाखर्चही पाहावासा वाटला. ८ अँपिअर-तासांची बॅटरी अशा रीतीनें भरण्यास वीस तास लागतात. तेवढ्या वेळांत सुमारें दोन युनिट वीज खर्च होते, व बॅटरींत जेमतेम एक-दशांश युनिट जमा होतें. बाकी सारी बल्ब तापविण्यांत गेली! चार्जरचे वांचविलेले पैसे ते हेच काय?

खऱ्या चार्जरांत घरच्या विजेचें वेटोळें आणि बॅटरीकडील वेटोळें यांचा धातूनें संबंध नसतो. शक्ति चुंबकक्षेत्राच्या वाटेनें पलीकडे जाते. मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं दाखविलेलें तत्त्व तें हेंच. त्यामुळें बॅटरीचें टोक हातीं आलें तरी घरची वीज अंगांत शिरत नाहीं. स्वस्त टॉर्च व डांस मारण्याच्या रॅकेटी यांत पुष्कळदां ही विभागणी नसते, केवळ प्लॅस्टिकचें कवच असतें. म्हणून त्या उघडून प्लगला लावणें हेंही तितकेंच घातक.

तेव्हां तीन घटांच्या जुडीस १२.६ व्होल्टचाच, लिथियमसाठीं केलेला चार्जर घ्यावा, व भारतीय मानक ब्यूरोचा शिक्का पाहून घ्यावा. पंपाबरोबर आलेला शिशाच्या बॅटरीचा चार्जर येथें चालत नाहीं, कारण तो १४ व्होल्टांच्या वर जातो. लोह-फॉस्फेट जातीच्या चार घटांची मर्यादा १४.६ असते खरी, पण लॅपटॉपचे घट त्या जातीचे नव्हत. घरांत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. फेज व न्यूट्रल दोन्ही एकदम धरल्यास तो वांचवीत नाहीं, पण जमिनीकडे जाणारा प्रवाह तत्काळ तोडतो.

जुडी भरावयाची ती फरशीवर, जागेपणीं. कडब्याची गंज, गोठा, निजण्याची खोली, यांच्याजवळ नव्हे. फुगलेला किंवा चेपलेला घट पुन्हां भरूं नये. पेट घेतल्यास आधीं मेन स्विच बंद करावा, मग दुरून भरपूर पाणी ओतून घट गार करीत राहावें, आणि त्या धुरांत कोणीं उभें राहूं नये. तो विषारी असतो.