मनोविकारविरोधी औषधांचे वर्गीकरण : 'जुनी' व 'नवी' या भेदाची मर्यादा

छिन्नमनस्कता अर्थात स्किझोफ्रेनिया व तत्सम तीव्र मनोविकारांवरील औषधांची विभागणी सामान्यतः दोन पिढ्यांत केली जाते. १९५२ मध्ये पॅरिस येथे डिले व डेनिकर यांनी ज्याचा परिणाम नोंदविला ते क्लोरप्रोमाझिन आणि १९५८ मधील हॅलोपेरिडॉल ही पहिल्या पिढीची प्रमुख औषधे होत. मेंदूतील डोपामिनच्या डी-२ ग्राहींना ती अडवितात. त्यामुळे भास व भ्रम ओसरतात; परंतु कंप, स्नायूंचा ताठरपणा हे दुष्परिणामही उद्भवतात.

रिस्पेरिडोन, ओलान्झापिन इत्यादी दुसऱ्या पिढीची औषधे सेरोटोनिनच्या ग्राहींवरही कार्य करतात. त्यांत ताठरपणा तुलनेने कमी. मात्र ओलान्झापिनने वजन व रक्तशर्करा वाढण्याचा धोका मोठा. म्हणजे 'नवे' ते निर्धोक, ही समजूत भ्रामक होय. अमेरिकेतील 'केटी' अभ्यासात (२००५) परफेनाझिन हे जुने औषध बहुतेक नव्या औषधांच्या तोडीचे ठरले, आणि १८ महिन्यांच्या आत ७४ टक्के रुग्णांचे आरंभीचे औषध बंद झाले. क्लोझापिनचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये त्यामुळे पांढऱ्या पेशी घटून रुग्ण दगावले. १९८८ मध्ये मात्र इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांवर ते गुणकारी दिसले. वयाने जुने असूनही त्याची गणना दुसऱ्या पिढीतच होते!

औषध कोणत्या ग्राहीवर कसे कार्य करते, हा निकष त्याहून उपयुक्त ठरतो. अ‍ॅरिपिप्राझोल डी-२ ग्राहींना पूर्णतः न अडविता अंशतः उद्दीपित करते. २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले झॅनोमेलिन-ट्रोस्पियम तर डोपामिनऐवजी मस्करिनिक ग्राहींवर कार्य करते. त्यास दोन्ही पिढ्यांत स्थान नाही.