शेळी एक, शब्द तीन

दक्षिण इथिओपियात, ओमो नदीच्या खालच्या खोऱ्यात, तुर्मी आणि दिमेका या बाजाराच्या गावांभोवती हामेर लोक राहतात. गुरं, शेळ्या आणि ज्वारी यांवर त्यांचं पोट चालतं. २००७ च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे साडेसेहेचाळीस हजार होती. शेजारचे बन्ना आणि बशादा लोकही हामेर भाषाच थोड्या फरकानं बोलतात. तिच्यावर फार थोडं लिहिलं गेलं आहे. जीन लायडल यांनी १९७६ मध्ये तिची रूपरेषा मांडली. सारा पेत्रोलिनो यांचं सविस्तर व्याकरण आलं ते २०१६ मध्ये. या भाषेची मूलभूत शब्दयादी करायची, एवढंच काम घेऊन मी तिथे बसत असे.

अशा कामाला बहुतेक जण मॉरिस स्वाडेश यांची यादी घेऊन निघतात. या अमेरिकन भाषावैज्ञानिकानं १९५० च्या दशकात हात, पाणी, आग, खाणं, झोपणं अशा रोजच्या अर्थांची दोनेकशे शब्दांची यादी केली आणि पुढे ती शंभरावर आणली. मोठ्या यादीत बर्फ आहे, गोठणं आहे; शेळी नाही, ज्वारी नाही. हामेर मुलखात 'क़ुली' म्हणजे शेळी आणि 'इसीन' म्हणजे ज्वारी, यांच्यावाचून कुणाचा दिवस जात नाही. त्यामुळे छापील यादीत आधी तिथल्या जगण्याची भर घालावी लागते.

काम सकाळी, वारा सुटण्याआधी करायचं. कॉफीच्या टरफलांचा काढा भोपळ्याच्या वाडग्यांतून सगळ्यांना मिळाला, की माणसं बोलायला मोकळी होतात. सोबत एक वडीलधारं माणूस आणि अम्हारिक ही देशाच्या कारभाराची भाषा जाणणारा एक तरुण असला तर उत्तम. पण अम्हारिकमधून विचारलं की उत्तरातही अम्हारिक शब्द डोकावतो. म्हणून शक्य तिथे वस्तू दाखवायची, कृती करून दाखवायची, किंवा वापर विचारायचा: नदीच्या कोरड्या पात्रात वाळू खणून काय काढता? 'नोक़ो', पाणी. नाक विचारताना बोट रोखलं तर बोटाचं नाव पदरात पडू शकतं, म्हणून मी तळहात फिरवते.

प्रत्येक शब्द तीनदा म्हणवून घ्यायचा. यादी वाचावी तसा तिसऱ्या वेळी सूर खाली येतो, म्हणून मधला उच्चार जास्त भरवशाचा. मग तोच शब्द वाक्यात घ्यायचा. क्रियापदांना तर वाक्यावाचून गत्यंतरच नसतं: काल प्यायला, आता पितोय, पी! हामेरमधला क़ घशातून खोलवरून येतो. काही ब आणि ड असे, की ते म्हणताना स्वरयंत्र खाली ओढलं जातं आणि हवा आत खेचल्यासारखी वाटते. सिंधीत असे वर्ण आहेत. उल्हासनगरच्या सिंधी घरात वाढलेल्या माणसाला ते लगेच ओळखू येतील. मराठी कानाला मात्र ते साध्या ब-ड पासून वेगळे काढायला बरंच ऐकावं लागतं.

सगळ्यात जास्त वेळ शेळी घेते. नुसतं 'क़ुली' म्हटलं तर एक की अनेक, नर की मादी, काहीच ठरत नाही. कळपातला एक बोकड दाखवला की पुल्लिंगी प्रत्यय लागतो. सगळ्या कळपाकडे हात केला की स्त्रीलिंगी. या भाषेत पुल्लिंग एकट्याकडे आणि लहानाकडे झुकतं, तर स्त्रीलिंग समूहाकडे आणि मोठ्याकडे. आपल्याकडे सुऱ्याची सुरी झाली की वस्तू लहान होते. तिथे उलट चालतं. म्हणजे मी काय दाखवलं यावर कोणतं रूप मिळणार ते ठरतं. यादीत शेळीसमोर एकच शब्द लिहिला तर तो खोटा नसेल, पण त्यातून भाषा कळणार नाही. तिन्ही रूपं लिहायची, आणि दाखवलेलं जनावर कोणतं होतं तेही.

रंगांचंही तसंच. रंगीत कागद दाखवून काळा, पांढरा, तांबडा असे शब्द मिळतात, पण गुरांसमोर उभं राहिलं की रंगाबरोबर ठिपके, पट्टे, कातडीवरची नक्षी असे सगळे शब्द येऊ लागतात. माणसांची नावंही तिथूनच येतात. लायडल आणि इवो श्ट्रेकर या अभ्यासकांना हामेर जीवन समजावून सांगणाऱ्या बल्दाम्बे यांच्या नावाचा अर्थ 'तपकिरी गाईचा बाप'. त्यांच्या कथनाचा खंड १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला.

आकडे पटापट मिळतात: कला, लमा, मक्कन. पण इथेच जास्त सावध राहायचं, कारण ओरोमो भाषेतही दोनला 'लमा'च म्हणतात. हामेर भाषा ओमोटिक गटात धरतात आणि तो गट आफ्रो-आशियाई कुळात. ही मांडणी सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही. हा वाद अशा याद्यांच्या आधारेही लढवला जातो. उसना शब्द घरचा म्हणून नोंदला गेला, तर दूर कुठे बसलेला अभ्यासक त्यावर चुकीचं नातं उभं करील. म्हणून शेजारच्या भाषांशी जुळणाऱ्या प्रत्येक शब्दापुढे खूण करायची.

संध्याकाळी ध्वनिमुद्रण दुसऱ्या कुणाला तरी ऐकवायचं, शक्यतो एखाद्या बाईला, वेगळ्या वस्तीतल्या. ती मान हलवते, हरकत घेते, स्वतःचं वाक्य सांगते. हरकत खोडायची नाही, शेजारी लिहायची. शब्द, वाक्य, कुणी सांगितला, कुठे, काय दाखवून विचारला, कुणाची हरकत: एवढे रकाने भरले की शब्द पुढच्या माणसाला तपासता येतो. तो तपासण्याचा पहिला हक्क हामेर लोकांचाच आहे. म्हणून ध्वनिमुद्रणाची एक प्रत जिंका इथल्या दक्षिण ओमो संशोधन केंद्रात राहावी आणि एक गावातच, ज्यांच्या तोंडून शब्द आले त्यांच्या मुलांना ऐकता आणि दुरुस्त करता येईल अशी.