पोरांचा ‘का?’ वहीत उतरवायचा कसा? विज्ञान प्रकल्पासाठी प्रश्न तयार करायची सोपी रीत

शाळेतून विज्ञान प्रदर्शनाची सूचना आली की घरात पहिली धावपळ होते ती थर्माकोल आणायची. पालक मोबाईलवर प्रकल्प शोधतात, दुकानातून तयार मॉडेल आणतात आणि पोरगं चार वाक्यं पाठ करून बोलून दाखवतं. परीक्षकांनी ‘बाळ, यात तू काय शोधलंस?’ असं विचारलं की मात्र पोर गप्प. शोधायला प्रश्नच नव्हता, तर सांगणार काय? प्रकल्पाची सुरुवात प्रश्नापासून व्हायला हवी, आणि चांगला प्रश्न लिहायला तिसरी-चौथीच्या पोरांनाही शिकवता येतं.

नारळीकरांचं पोस्टकार्ड

ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’ ही संस्था उभी केली. मोठ्या संशोधनाच्या या संस्थेत शाळेच्या पोरांसाठीही दार उघडं ठेवलं. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मुलांसाठी व्याख्यानं सुरू झाली. मुलं सही मागायला आली की नारळीकर सांगायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर सहीसकट येईल. सही हवी असेल तर आधी डोकं चालवायचं, असा हा सौदा. शिवाय पोस्टकार्डावर जागा ती केवढी! प्रश्न थोडक्यात आणि नेमका लिहावाच लागणार. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले, पण त्यांची ही रीत कुठल्याही वर्गात वापरता येते.

पायरी १ : आधी सगळे प्रश्न येऊ द्या

पोरांना शेत, गोठा, स्वयंपाकघर, ओढा यातलं काहीही बघायला सांगा. जे सुचेल ते विचारू द्या. गुरुजींनी किंवा बाईंनी पोरांच्याच शब्दांत ते फळ्यावर लिहावं. ‘हा काय प्रश्न झाला?’ असं म्हणायचं नाही आणि लगेच उत्तरही द्यायचं नाही. एकदा हसं झालं की ते पोर पुन्हा तोंड उघडत नाही.

पायरी २ : प्रश्न निवडा

फळ्यावरच्या प्रश्नांचे तीन वाटे करा. काहींचं उत्तर पुस्तकात किंवा मोबाईलवर लगेच सापडतं. उदाहरणार्थ, पाऊस कसा पडतो? काहींना मोठी यंत्रं आणि बरीच वर्षं लागतात. आणि काहींचं उत्तर पोरं स्वतः मोजून, बघून किंवा चार लोकांना विचारून काढू शकतात. प्रकल्पासाठी हा तिसरा वाटा कामाचा.

पायरी ३ : ‘का’ला लहान करा

‘का’ वाईट नाही, पण तो फार मोठा असतो. त्याला ‘किती’, ‘कुठे’, ‘कधी’, ‘कशात जास्त’ असं बारीक करायचं.

‘मटकीला मोड का येतात?’ याऐवजी ‘मटकीला ओल्या सुती फडक्यात लवकर मोड येतात की झाकणाच्या डब्यात?’ असं विचारा. एकाच वाणाची, रात्रभर भिजवलेली मटकी घ्या. ५० दाणे फडक्यात, ५० डब्यात. दोन्ही एकाच जागी ठेवा. २४ तासांनी मोड आलेले दाणे मोजा. बदल फक्त एकाच गोष्टीत करायचा, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळतं.

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर भागातलं पोर विचारणारच, ‘बिबट्या गावात का येतो?’ यावर वन विभागही डोकं लावतोय, चौथीतल्या पोराला ते कसं पेलणार? पण ‘गेल्या वर्षभरात आपल्या वाडीतल्या लोकांना बिबट्या कुठे आणि किती वाजता दिसला?’ हे २० घरं विचारून काढता येतं. महिना, वेळ, जागा असा तक्ता करायचा. दिवसाढवळ्या, मोठं माणूस बरोबर घेऊन फक्त घरोघरी विचारायचं, उसाकडे जायचं नाही. दिवा कुठे हवा, पोरांनी घोळक्याने कुठून यावं, हे ठरवायला असा तक्ता ग्रामसभेतही कामी येईल.

पायरी ४ : पाच गोष्टी तपासा

• उत्तर आधीच माहीत तर नाही ना?
• पोराला स्वतः मोजता, बघता किंवा विचारता येईल का?
• पंधरा-वीस दिवसांत होईल का?
• घरातल्या, शेतातल्या वस्तूंत भागेल का? धोका नाही ना?
• प्रश्न वाचून दुसऱ्या पोरालाही तेच काम करता येईल का?

शेवटची गोष्ट महत्त्वाची. ‘कुठलं खत चांगलं?’ यातलं ‘चांगलं’ म्हणजे काय? उंची, पानं की फळं? ‘शेणखत घातलेल्या आणि न घातलेल्या मेथीची उंची १५ दिवसांत किती होते?’ असं लिहिलं की गोंधळ उरत नाही.

पायरी ५ : आधी अंदाज लिहा

काम सुरू करण्याआधी पोराने ‘मला वाटतं असं होईल, कारण...’ हे वहीत लिहावं. नंतर अंदाज चुकला तरी तो खोडायचा नाही. चुकलेल्या अंदाजाचे मार्क कापायचेही नाहीत. मार्कांच्या भीतीने पोरं आकडे बदलतात आणि मग शोधायचं ते राहूनच जातं. मोजणी झाली की मूळचा ‘का’ परत येतो, पण आता त्याच्या हातात आकडे असतात.

संधी जवळच आहे

सी. व्ही. रामन यांच्या शोधाची आठवण म्हणून २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे भरणाऱ्या प्रदर्शनात ग्रामीण शाळांची मुलंही आपले प्रकल्प मांडत आली आहेत. दिवाळीची सुट्टी संपताच प्रश्न ठरवला, तर मोजायला आणि गरज पडली तर पुन्हा करून बघायला वेळ मिळतो.

घरच्यांनी एवढंच करावं. पोराने काही विचारलं की लगेच मोबाईल काढू नये. ‘हे आपल्याला कसं शोधता येईल?’ असं उलट विचारावं आणि तो प्रश्न तारीख टाकून वहीत लिहून ठेवायला सांगावा. शाळेची सूचना येईल तेव्हा पोराच्या वहीत पाच-दहा प्रश्न तयार असतील. त्यातला एक निवडायचा आणि कामाला लागायचं.