भवभूतीचा पत्ता सिंधने मोडला नाही

ग्वाल्हेरहून डबऱ्याला उतरून भितरवारकडे वळलं, की पुढे सिंधकाठी पवाया गाव लागतं. धूमेश्वर महादेवाच्या देवळापाशी नदी खडकावरून खाली उतरते. पाणी कमी असलं की घासून गुळगुळीत झालेला दगड उघडा पडतो. त्यावरून चालताना एक लक्षात येतं: इथे नदीला इकडेतिकडे सरकायला मुभाच नाही.

विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीने आठव्या शतकात ‘मालतीमाधव’ लिहिलं, ते पद्मावती नगरीत घडवून. सिंधू आणि पारा यांच्या संगमाचा, लवणा आणि मधुमती नद्यांचा आणि सिंधूच्या धबधब्याचा उल्लेख त्याने नाटकात केला. पुढे नगरी विस्मरणात गेली. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने ती नरवरला असावी असं मानलं. ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे मो. ब. गर्दे यांनी 1915-16 च्या सुमारास पवायाची बाजू पक्की केली. त्यांच्या हाती मोठा पुरावा होता तो नद्यांचाच. सिंधू म्हणजे ही सिंध, पारा म्हणजे पार्वती, लवणा म्हणजे नून, मधुमती म्हणजे महुअर; सगळ्या नाटकात सांगितल्या जागी सापडल्या.

नद्यांवरून अशी जागा शोधणं सगळीकडे जमलं नसतं. खडक संपून मातीचे काठ सुरू होतात तिथे कुठल्याही वळणावर थोडा वेळ थांबावं. वळणाच्या बाहेरच्या अंगाला धार जोरात असते. ती काठाच्या पायथ्याची माती काढते आणि वरची दरड आपल्या वजनाने खाली येते. आतल्या अंगाला पाणी मंदावतं, तिथे रेती साचते. असं करत वळण फुगत जातं. दोन वळणं जवळ आली की एखाद्या पुरात मधली चिंचोळी पट्टी फुटते आणि नदी सरळ निघते. मागे उरतो चंद्रकोरीसारखा डोह.

संपूर्ण पात्र सोडण्याची गोष्ट याहून मोठी. गाळाने भरलेली नदी सपाटीवर आली की तिचा उतार कमी होतो आणि ओझं तळावर पडतं. पुरात काठांवरही गाळ बसतो. वर्षानुवर्षं तळ चढतो, काठ चढतात, आणि नदी शेजारच्या शेतांपेक्षा उंचावरून वाहू लागते. मग काठाला कुठेही भगदाड पडलं की पाण्याला खालची, जास्त उताराची वाट मिळते. पाणी ती धरतं.

18 ऑगस्ट 2008 ला नेपाळमधल्या कुसहा इथे कोसीने हेच केलं. तटबंध साडेनऊ लाख क्युसेकसाठी बांधले होते. फुटले तेव्हा प्रवाह दीड लाख क्युसेकच्या आसपास होता. नदी जुन्या पात्रात शिरली आणि बिहारमधली लाखो माणसं बेघर झाली. पूर मोठा नव्हता. बांधांच्या आत कोंडलेला गाळ मोठा होता.

आमच्या भागात उलटी तऱ्हा आहे. चंबळने आपलं पात्र इतकं खोल कापलंय की ती ते सोडून दुसरी वाट धरू शकत नाही. तिच्या काठची जमीनच चिरत जाऊन बीहड झाली. पवायाला खडक आहे. ऑगस्ट 2021 च्या पुरात सिंधने दतिया जिल्ह्यातला रतनगडचा पूल नेला, पण पवायाचा संगम जागचा हलला नाही. पुराचा जोर एवढाच निकष असता, तर भवभूतीचा पत्ता कधीच चुकला असता.

तरीही काठावरची गावं पुराचीच उंची लक्षात ठेवतात. देवळाच्या भिंतीवर पाणी कुठवर आलं त्याची रेघ ओढतात, धरणावर रोज पातळी लिहितात. सपाटीवरच्या नदीसाठी आणखी एक नोंद लागते: तळ शेजारच्या शेताच्या तुलनेत किती चढला. बांध उंच करण्याआधी ती पाहिली, तर पुढच्या भगदाडाची जागा थोडी आधी कळेल.