निफाडचं धुकं आणि ध्रुवावरचा बर्फ

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लिखित भाग. बोललोय तसंच ठेवलंय, थोडं आवरून.

डिसेंबरात मामाकडे निफाडला गेलो होतो. पहाटे इतकं धुकं, की बांधावरचा ट्रॅक्टर दिसेना. मी मोबाईल काढून फोटोच्या तयारीत, आणि मामाचं तोंड उतरलेलं. कारण द्राक्षाच्या पानावर दव साचून राहिलं की डावणी येते. ऊन पडताच बुरशीनाशकाचा ब्लोअर सुरू झाला.

शेडमधल्या बाटल्या बघताना एका नावावर थांबलो. क्लोरपायरीफॉस. खरड छाटणीनंतर पिठ्या ढेकणासाठी मामाने आणलेलं. आमची बिल्डिंग बांधताना पायात वाळवीसाठी हेच मारलं होतं. आणि आठवड्याआधी हेच नाव मी वाचलं होतं, उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाबद्दल!

1993 मध्ये अलास्का आणि रशियाच्या मधल्या बेरिंग आणि चुक्ची समुद्रांत शास्त्रज्ञांनी हवा, पाणी, बर्फ आणि धुकं तपासलं. शेतात वापरली जाणारी कीटकनाशकं त्यात सापडली, क्लोरपायरीफॉससकट. तिथे ना शेत, ना बाग. मग गेलं कसं?

फ्रिजमधून काढलेली बाटली आठवा. हवेतली वाफ गार काचेवर पाणी होऊन बसते. काही रसायनांचं असंच असतं. ऊन तापलं की ती माती-पानांवरून थोडी थोडी हवेत उडतात, वाऱ्याबरोबर जातात, गारवा लागला की खाली बसतात. पुन्हा ऊन, पुन्हा उड्डाण. नाकतोड्यासारख्या उड्या मारत थंड प्रदेशात पोचतात. तिथे पुन्हा उडण्याइतकी उष्णता नसते, म्हणून तिथेच अडकतात. शिवाय थंडीत आणि अंधारात त्यांचं विघटनही फार हळू होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर डेटा लिहिला जातोय, पण डिलीट होत नाहीये.

आता धुक्याकडे या. धुक्याचा थेंब इतका बारीक, की थोड्याशा पाण्याला मिळून पृष्ठभाग प्रचंड होतो आणि रसायनं त्याला चिकटतात. 1987 मध्ये अमेरिकेत धुक्याचं पाणी गोळा करून तपासलं, तर काही कीटकनाशकं हिशेबाने असायला हवीत त्याच्या हजारो पट निघाली. हिमकणांनाही असाच भरपूर पृष्ठभाग असतो. म्हणून बर्फ पडतो तेव्हा हवा झाडूने झाडावी तशी साफ होते, आणि कचरा खाली जमा होतो.

तो कचरा तिथेच पडून राहिला असता तर एकवेळ चाललं असतं. पण डीडीटी, पीसीबीसारखी रसायनं चरबीत विरघळतात. शेवाळातून बारीक जीवांत, तिथून मासा, माशातून सील, आणि सीलमधून माणूस. प्रत्येक पायरीवर प्रमाण वाढत जातं. अंटार्क्टिकाच्या पेंग्विनमध्ये डीडीटी सापडल्याचं 1966 मध्येच छापून आलं होतं. 1980 च्या दशकात उत्तर क्वेबेकमधल्या इन्युइट आयांच्या दुधात पीसीबीचं प्रमाण दक्षिणेतल्या शहरी आयांपेक्षा सुमारे पाचपट निघालं. ज्यांनी कारखाना पाहिला नाही, त्यांच्या बाळांच्या तोंडी ते गेलं.

यातून 2001 चा स्टॉकहोम करार झाला. सुरुवातीला 12 रसायनं होती. भारताने 2006 मध्ये मंजुरी दिली. 2011 मध्ये एंडोसल्फान यादीत आलं, आणि केरळातल्या कासरगोडच्या काजूबागांमधल्या लोकांनी सोसलेल्या त्रासानंतर त्याच वर्षी आपल्या सुप्रीम कोर्टानेही ते थांबवलं. डीडीटी शेतीत बंद आहे, पण रोगवाहक किड्यांसाठी त्याला मुभा राहिली. ते बनवणारा सरकारी कारखाना आपल्याच रायगडच्या रसायनीत होता. आणि 2025 मध्ये क्लोरपायरीफॉसही यादीत गेलं, काही वापरांना मुदतीची सूट ठेवून. भारतात ते लागू व्हायला मात्र आपल्या सरकारची वेगळी मंजुरी लागते.

रात्री जेवताना मामाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुझा बर्फ राहू दे रे. पिठ्या ढेकूण घडात शिरला तर व्यापारी माल उचलत नाही. मग बँकेचा हप्ता ध्रुवावरून येणार का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पगार महिन्याच्या एक तारखेला येणाऱ्याने त्याला शहाणपण शिकवणं सोपं आहे. नुसती बंदी आणून भागणार नाही. त्याला परवडेल असा पर्याय आणि तो वापरायला शिकवणारा माणूस बांधापर्यंत पोचायला हवा.

पण एक गोष्ट मी त्याला बोललो. बर्फातल्या रेणूवर गावाचं नाव लिहिलेलं नसतं. आणि उडायच्या आधी ते औषध सगळ्यात जास्त फवारणाऱ्याच्याच नाकात जातं. मामा काही बोलला नाही. सकाळी मात्र ब्लोअरवर बसताना त्याने मास्क मागितला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

तुमच्या घरी, शेतात, बिल्डिंगमध्ये काय फवारतात? लेबलवरचं नाव वाचा आणि व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात तुमची नावं घेऊन बोलू. भेटूच!