हवेला वाट, आवाजाला आडकाठी

थंडीच्या दिवसांत हडपसर स्टेशनावरच्या गाडीचा भोंगा रात्री अगदी उशाशी वाजल्यासारखा वाटतो. सूर्य मावळला की जमीन झपाट्यानं निवते. तिच्या लगतची हवा गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. उबदार हवेत आवाज जरा वेगानं पळतो, त्यामुळे वर निघालेल्या लहरी वाकून पुन्हा खाली येतात. दुपारी आभाळात विरून जाणारा आवाज रात्री आपल्या गॅलरीत उतरतो. भोंगा क्षणभर वाजतो आणि थांबतो, म्हणून कुणी मनावर घेत नाही. मोठ्या इमारतींच्या गच्चीवरचे मोठाले पंखे मात्र थांबत नाहीत.

मगरपट्ट्यापासून फुरसुंगीपर्यंत आयटी पार्क उभे राहिले, तसे चकचकीत काचांच्या मागे इमारत गार ठेवणारे चिलर आणि डिझेल जनरेटरही आले. डेटा सेंटर म्हणजे हेच सगळं कैक पटींनी वाढवलेलं. मायक्रोसॉफ्टनं 2015 मध्ये आपल्या क्लाउड सेवेचं एक केंद्र पुण्यात सुरू केलं. नवी मुंबईत ऐरोली-महापे पट्टा अशा इमारतींसाठी ओळखला जातो. सर्व्हरला दिलेल्या विजेची शेवटी जवळजवळ सगळी उष्णताच होते. ती चोवीस तास बाहेर फेकावी लागते, आणि फेकायला लागते हवा.

इथंच गोम आहे. आवाज अडवायला जड, सलग भिंत हवी. भिंतीचं वजन दुप्पट केलं की ढोबळमानानं 6 डेसिबल जास्त अडतात. पण चिलरला कोंडून ठेवलं तर त्याचा जीव गुदमरतो. हवेसाठी फट ठेवावी, तर तिथूनच आवाज निसटतो. 50 डेसिबल अडवणाऱ्या भिंतीत फक्त एक टक्का जागा उघडी राहिली, तर अडवणूक 20 डेसिबलच्या आसपास येते. म्हणून हवेच्या वाटेत खनिज लोकरीनं भरलेले जाड पडदे उभे करतात. हवा त्यांच्यामधून सरकते, आवाज लोकरीत जिरतो. मात्र हवेची वाट अरुंद झाली की पंख्याला जोर लावावा लागतो आणि तोच जास्त ओरडू लागतो. चांगल्या आराखड्यात ही जागा आधीच सोडलेली असते. इमारत झाल्यावर ठिगळ लावणं महाग पडतं, आणि बहुधा फसतं.

तीक्ष्ण आवाज लोकरीत सहज जिरतो. खर्जाचं तसं नाही. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण मुख्यतः 100 हर्ट्झची, म्हणजे तिची एक लहर जवळपास साडेतीन मीटर लांब. तिच्यापुढे दोन इंच फोमची काय मातब्बरी? (अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून खोली ‘साउंडप्रूफ’ करणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.) शिवाय नेहमीचा मीटर माणसाच्या कानाला अनुसरून खर्जाला कमी गुण देतो. 100 हर्ट्झला तो तब्बल 19 डेसिबल वजा करतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 10 नंतर 45 डेसिबलची मर्यादा आहे. आकडा मर्यादेत बसतो आणि झोप तरीही उडते, असं घडू शकतं. माझ्या मते नियमाची खरी उणीव हीच: आवाज किती मोठा हे तो पाहतो, कसा आहे हे फारसं पाहत नाही.

कसा, याचं उत्तर तंबोरा जुळवणाऱ्याला विचारावं. दोन तारा किंचित बेसूर असल्या की सूर लाटेसारखा वरखाली हेलकावतो. गच्चीवर तेच होतं. सहा पात्यांचा पंखा मिनिटाला 900 फेरे घेत असेल, तर तो 90 हर्ट्झचा सूर धरतो. शेजारचा पंखा 890 फेऱ्यांचा असला, तर सेकंदाला एकदा ‘घूंऽऽ’ फुगतं आणि ओसरतं. सपाट आवाजाला कान सरावतो, या हेलकाव्याला नाही. अमेरिकेत अॅरिझोनातल्या चँडलर शहरात एका डेटा सेंटरच्या अशाच घरघरीवरून रहिवासी वर्षानुवर्षं भांडले. चिलरना आवाजरोधक गोधड्या गुंडाळाव्या लागल्या आणि 2022 मध्ये शहरानं नवे नियम केले.

आवाजाचा त्रास खुद्द यंत्रांनाही होतो. सप्टेंबर 2016 मध्ये बुखारेस्टमधल्या एका बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवणाऱ्या वायूची चाचणी चालू होती. वायू इतक्या कर्कश आवाजात सुटला की त्या कंपनांनी हार्ड डिस्क निकामी झाल्या आणि बँकेची एटीएम व कार्डं कित्येक तास बंद पडली.

पंख्यांच्या या आवाजावरचा उपाय पुण्यातही दिसतो. आयसर पुणे इथल्या ‘परम ब्रह्म’ महासंगणकात प्रोसेसरची उष्णता द्रवामार्फत थेट उचलली जाते, त्यामुळे आतल्या किंचाळणाऱ्या छोट्या पंख्यांवरचा भार हलका होतो. उष्णता अखेर बाहेर सोडावी लागतेच. पण गच्चीवर मोठे, संथ पंखे लावता येतात. पंख्याचा वेग 20 टक्क्यांनी कमी केला की आवाज सुमारे 5 डेसिबलनं उतरतो आणि वीज जवळजवळ निम्मी लागते. डिसेंबरच्या रात्री बाहेरची हवाच गार असते, तेव्हा इतका वेग कमी करणं सहज परवडतं. आणि स्टेशनावरचा भोंगा उशाशी वाजतो, तो नेमका त्याच रात्री.