ओव्हेच्किनचे 897 गोल: दोन कारकिर्दींचा हिशेब

अलेक्झांडर ओव्हेच्किनने 2024-25 च्या हंगामाअखेर आइस हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगमधले (एनएचएल) 897 गोल पूर्ण केले. वेन ग्रेट्झ्की 1999 मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर 894 गोल होते. (आकडे नियमित हंगामाचे, प्लेऑफ वगळून; ओव्हेच्किनचे 2024-25 अखेरपर्यंतचे.) फरक 3 गोलांचा, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. 6 एप्रिल 2025 रोजी ओव्हेच्किनने 895 वा गोल केला तो त्याचा 1,487 वा सामना होता. ग्रेट्झ्कीची सगळी कारकीर्दही 1,487 सामन्यांचीच. दोघांचे हंगामही प्रत्येकी 20.

बेरीज जवळपास सारखी असली, तरी विभागणी वेगळी आहे. पहिल्या 9 हंगामांत ग्रेट्झ्कीने 696 सामन्यांत 583 गोल केले, म्हणजे सामन्यामागे 0.84. पुढच्या 11 हंगामांत 791 सामन्यांत 311, म्हणजे 0.39. घट 53 टक्के. ओव्हेच्किनचे पहिल्या 9 हंगामांतले गोल 679 सामन्यांत 422, सरासरी 0.62; पुढच्या 11 हंगामांत 812 सामन्यांत 475, सरासरी 0.58. घट 6 टक्के.

काळही वेगळा होता. ग्रेट्झ्कीने 80 सामन्यांत 92 गोल केले त्या 1981-82 च्या हंगामात एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी 8 गोल होत. 2015-16 मध्ये ही सरासरी साडेपाचच्या आत होती. त्या हंगामात तिशीतल्या ओव्हेच्किनने 50 गोल केले.

ओव्हेच्किनची घट कमी राहण्याचे एक कारण पॉवर प्लेमध्ये सापडते. प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असताना ओव्हेच्किनने 325 गोल केले, एकूण गोलांच्या 36 टक्के. ग्रेट्झ्कीचे असे गोल 204, म्हणजे 23 टक्के. ओव्हेच्किन डाव्या वर्तुळापाशी थांबतो आणि आलेला पक न अडवता थेट मारतो. या फटक्याला धावेपेक्षा मनगट आणि वेळ साधणे लागते. वय आधी धाव कमी करते.

क्लबच्या हिशेबातही ही कमी घट दिसते. 2008 मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्सने ओव्हेच्किनशी 13 वर्षांचा, 12.4 कोटी डॉलरचा करार केला. त्या मुदतीत 567 गोल झाले, म्हणजे गोलमागे सुमारे 2 लाख 19 हजार डॉलर. 2021 चा करार 5 वर्षांचा, 4.75 कोटींचा. त्याच्या पहिल्या 4 हंगामांत 167 गोल झाले. वर्षाला सरासरी 95 लाख धरले, तर गोलमागे 2 लाख 28 हजार. पस्तिशीनंतरही गोलची किंमत जेमतेम 4 टक्क्यांनी वाढली.

सरळ रेषेत न बसणारे हंगाम या 20 पैकी शेवटचे दोन. 2023-24 मध्ये 79 सामन्यांत 31 गोल झाले, तेव्हा उतरण लागल्यासारखी वाटली. पुढच्या वर्षी पायाचे हाड मोडल्याने 16 सामने बुडाले, तरी 65 सामन्यांत 44 गोल झाले. सामने 14 ने कमी, गोल 42 टक्क्यांनी जास्त, वय 39.

एक आकडा मात्र ओव्हेच्किनच्या आवाक्यात नाही. ग्रेट्झ्कीचे असिस्ट (सहकाऱ्याच्या गोलला केलेले साहाय्य) 1,963, ओव्हेच्किनचे 2024-25 अखेर 726. ग्रेट्झ्कीचे सगळे गोल वगळले, तरी उरलेले असिस्ट यारोमिर यागरच्या 1,921 एकूण गुणांपेक्षा (गोल आणि असिस्ट मिळून) जास्त भरतात. आणि गुणांच्या यादीत यागर दुसरा आहे. गोल करण्यात ओव्हेच्किन पहिला. एकूण खेळात 2024-25 अखेरही ग्रेट्झ्की 1,234 गुणांनी पुढे होता.